फुटपाथवरच्या मुलाचं नाव शाळेत कसं घालावं: आधी प्रवेश, मग कागद

पुलाखाली, सिग्नलवर राहणारं मूल शाळेत घालायला निघालेले बरेचसे लोक आधार केंद्राच्या रांगेतच थकतात. कारण कुणीतरी ठासून सांगितलेलं असतं, "आधी कागद करा, मग शाळेत जा." हा सल्ला देणाऱ्यानं बहुधा एकाही मुलाचं नाव घातलेलं नसतं. क्रम उलटा आहे.

१. मूल कुणाचं ते बघा. आई-बाप, आजी, मामा, कुणीच नसेल तर १०९८ ला फोन करा. पुढचं बाल कल्याण समिती बघते. परस्पर शाळेत नेऊ नका, स्वतःच्या घरी तर नाहीच नाही.

२. शाळा ठरवा. चालत जाता येईल अशी, हायवे ओलांडावा न लागणारी. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत आहेत, त्यामुळे घरी कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाचीही सोय होते. खासगी शाळेत गरीब मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांचा नाद सोडा. तिथं राहण्याचा पुरावा मागतात, आणि फुटपाथचा पुरावा कुठून आणणार?

३. मुख्याध्यापकांचं टेबल. सगळं घोडं इथंच अडतं.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४. प्रवेशाची मुदत संपली म्हणूनही नाकारता येत नाही, हे कलम १५. दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद चालते, तीही नसेल तर पालकानं मुलाचं वय लिहून दिलं तरी चालतं. शाळा प्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही, हे सुप्रीम कोर्टानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं आहे.

हे सगळं पाठ करा, पण आत शिरल्या शिरल्या टेबलावर आपटू नका. मुख्याध्यापक दुष्ट नसतात. संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणाऱ्या सरकारी मोजणीत, आधार जुळलेलीच मुलं धरली जातात आणि शिक्षकांची पदं त्या आकड्यावर ठरतात. म्हणजे बिनाआधारचं मूल शिकवायचं, पण मोजणीत ते नाही. त्यांची ही अडचण ओळखून बोला: "मॅडम, नाव आज घाला, आधारच्या मागे मी लागते. शाळेचा बोनाफाईड मिळाला तर ते कामही सोपं होईल." एवढ्यानं बहुतेक ठिकाणी रजिस्टर उघडतं.

आईला सोबत न्याच, आणि तिला बोलू द्या. तुम्हीच घडाघडा बोलायला लागलात की समोरच्याला वाटतं, हे संस्थावाले आले, फोटो काढून जातील, निस्तरायचं आपण. फोटो काढूही नका.

तरीही "पुढच्या वर्षी या" ऐकू आलं तर वाद घालत बसू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा आणि म्हणा, "आवक करून पोच द्या." तोंडी नाही म्हणणारे सगळे असतात, लेखी नाही म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. पोचही देत नसतील तर तोच अर्ज तालुक्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागात द्या.

रजिस्टर उघडलं की सुटलो असं वाटतं. खरं जपायचं ते आता. जनरल रजिस्टरमध्ये जे लिहिलं जाईल ते त्या मुलाला जन्मभर पुरतं, आणि दहावीनंतर ते बदलताना नाकी नऊ येतात. जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकून मोकळे होतात (अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय). दोन सख्ख्या भावंडांच्या तारखांत चार महिन्यांचं अंतर मी स्वतः पाहिलंय. म्हणून आदल्या दिवशीच आईबरोबर बसा. "कितवं वर्ष?" असं विचारून काही मिळत नाही. "लॉकडाऊनात गावाकडं गेलात तेव्हा हे कडेवर होतं की चालत होतं? पाऊस होता का जन्मला तेव्हा?" असं विचारा. वर्ष आणि महिना निघतोच. सगळ्या भावंडांचं एकदमच ठरवा.

जातीचा रकाना रिकामा सोडू नका, नुसतं "हिंदू" लिहून तर मुळीच नको. पारधी अनुसूचित जमातीत, वडार विमुक्त जातींत. पुढं जातीच्या दाखल्याला हीच नोंद बघतात. आडनावही बापाच्या कागदावर असेल तेच, त्याच स्पेलिंगनं. लिहून झाल्यावर ओळ मोठ्यानं वाचून घ्या.

४. वर्ग. नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवू देऊ नका. कलम ४ प्रमाणे वयाला शोभेल तोच वर्ग मिळायला हवा, आणि मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण. "वाचता येत नाही, चौथीत काय करणार?" असं विचारतील. पण सहा वर्षांच्या पोरांत बसवलेलं मोठं मूल लाजेनंच पळून जातं. प्रशिक्षण खरंच चालू आहे का, हे अधूनमधून जाऊन बघा. ठाण्यात तीन हात नाक्याला पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा भरते, तशी सोय जवळ असेल तर तिचा आधार घ्या.

५. टिकवणं. पुस्तकं शाळेतच ठेवायला सांगा, कारण अतिक्रमणाची गाडी आली की भांड्यांबरोबर दप्तरही जातं. मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहत असेल तर आधी धाकट्याला अंगणवाडीत घाला, तिला उपदेश करून उपयोग नाही. कुटुंब काही महिने गावाला किंवा ऊसतोडीला निघालं तर नाव कमी करू देऊ नका, शिक्षण हमी पत्रक मागून घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं.

आणि शाळेचा शेवटचा वर्ग संपला की दाखला तुम्ही स्वतः उचला, झेरॉक्स काढा, नव्या शाळेत आईबरोबर जा. बहुतेक मुलं इथंच गळतात. दाखला मिळायला उशीर झाला तरी पुढची शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हे कलम ५.