तुकडी हुकूम का ऐकत नाही?

डावपेचांच्या युद्धखेळात नवखे खेळाडू आधी बंदुकीचा पल्ला बघतात, मग चिलखत. मी आधी मनोबल बघतो. तुकडी तोंड लपवून पडली असेल तर पल्ल्याचं काय लोणचं घालायचंय?

हा हिशेब शिकायला ‘ॲडव्हान्स्ड स्क्वाड लीडर’ (1985) हा पटावरचा खेळ उत्तम. नियमपुस्तक जाडजूड आहे, पण फासे काही लपवत नाहीत. समजा तुमच्या तुकडीचं मनोबल 7 आहे आणि तिच्यावर मोराल चेकची, म्हणजे मनोबल टिकतं का ते फाशांनी तपासायची, वेळ आली. दोन फासे टाका. बेरीज 7 किंवा कमी आली तर निभावलं. नेमकी 7 आली तर तुकडी तुटत नाही, पण जागीच खिळते. निभावण्याची शक्यता 36 पैकी 21. आता नकाशावरच्या त्याच घरात (षटकोनात) उणे 1 चा अधिकारी बसवा. बेरजेतून 1 वजा होतो आणि तीच शक्यता 36 पैकी 26 होते. म्हणून चांगला अधिकारी मी मशीनगनवर फार वेळ अडकवत नाही. पण सगळ्या तुकड्याही त्याच्याभोवती गोळा करू नका. तो पडला की हादरा त्या घरातल्या बाकीच्यांनाही बसतो.

तुटलेली तुकडी गोळीबार करत नाही, पुढे सरकत नाही. तिला सावरायचं तर आधी जागा बघा. नुकताच मार खाल्लेल्या तुकडीच्या फाशात 4 मिळवतात. काउंटरच्या (तुकडीच्या सोंगटीच्या) पालथ्या बाजूचं, म्हणजे तुटल्यानंतरचं, मनोबल 7, उघडं मैदान आणि अधिकारी साधा असेल तर सावरण्याची शक्यता 36 पैकी फक्त 3. तिलाच इमारतीत नेऊन उणे 1 चा अधिकारी दिला तर 36 पैकी 10. तरी घाई नसेल तर एक फेरी थांबावं, शत्रूच्या नजरेआड. ते 4 उतरू द्यावेत. काउंटर उलटून बघायची सवयही लावून घ्या: 6-6-6 ची (मारा, पल्ला, मनोबल) अमेरिकन तुकडी 6 वर लवकर तुटते, पण मागच्या बाजूला तिचं मनोबल 8 असतं.

संगणकावर फासे दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक. ‘कॉम्बॅट मिशन’मध्ये फेरीवार खेळताना हुकूम 60 सेकंदांसाठी आधीच सुटलेला असतो, मधे हात घालता येत नाही. म्हणून उघड्या शेतातून लांबलचक धाव कधीच आखू नका. आधी दुसऱ्या तुकडीकडून शत्रूवर मारा चालू करा, तो दबला की या आडोशापासून त्या आडोशापर्यंत छोटी धाव, मग थांबा. तुकडीची अवस्था खालच्या पट्टीत दिसते. ती घाबरलेली दिसली की मी तिला पुढे जायला सांगतच नाही; जिथे आहे तिथून गोळीबार करू देतो.

‘टोटल वॉर’मध्ये तर माणसं मरण्याआधी रांग मोडते. समोरून भालाईत भिडवा आणि घोडदळ पाठीवर घाला. एक तुकडी पळाली की शेजारच्याही डगमगतात.

हेच सगळं उलटून शत्रूवर वापरा. फाशांच्या खेळात त्याच्या तुटलेल्या तुकडीवर दर फेरीला मोराल चेक लागू शकेल इतपत मारा ठेवा, म्हणजे ते 4 तिच्या डोक्यावरून उतरतच नाहीत. माणूस मेला नाही तरी चालेल.