गावच्या नाटकात कॉमेडी करणाऱ्याने सिरीयस रोल कसा शिकायचा

आमच्याकडे मालवणात जत्रेच्या नाटकात एकदा का लोक हसले की तो माणूस कायमचा विनोदी, मग त्याने मेलेल्या बापाचा सीन केला तरी पुढच्या रांगेतून हशा येतो, "तू इलंस की माका हसाक येता". माझंच झालंय हे.

तर उपाय. दिलीप प्रभावळकरांचे पिक्चर ओळीने बघा. टीव्हीवर चिमणराव करून घराघरात पोचलेला हा माणूस, १९९१ च्या 'चौकट राजा'त नंदू होतो, मोठं शरीर आणि लहान पोराचं मन. १९९३ ला 'झपाटलेला'त तात्या विंचू, आणि २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'त थेट गांधीजी, त्यावर राष्ट्रीय पुरस्कार पण.

बघायची पद्धत महत्त्वाची. आधी आवाज बंद करून फक्त मान आणि हात बघा. मग डोळे मिटून फक्त आवाज ऐका. नंदू आणि तात्या लागोपाठ लावलेत तर कळतं की मेकअपच्या आधी आवाजच बदललाय.

मग खळ्यात उभं राहून स्वतःचा हमखास हशा घेणारा डायलॉग घ्या आणि हात मागे बांधून, अर्ध्या स्पीडने बोला. पहिले चार-पाच दिवस लाज वाटते, शेजारची काकी विचारते बरं नाही का. मोबाईलवर रेकॉर्ड करा, भुवया उडताहेत का बघा, माझ्या उडतातच. आणि तालमीला पावसाळा बरा, भातलावणी आटपली की, लाईट गेली तरी कंदिलात चेहरा उलट जास्त नीट दिसतो.