पझल सुटलं की पुढचं लगेच घेऊ नका

सोलापूरच्या पूर्व भागात शेजारचे माग खडखडत असतात आणि माझ्या ओसरीत संध्याकाळी सहाला बुद्धिबळाचे पट मांडले जातात. पोरं मोबाईलवर पझल, म्हणजे दिलेल्या स्थितीत जिंकून देणारी खेळी शोधायची कोडी, फटाफट सोडवतात. रविवारी स्पर्धेतून आली की मात्र म्हणतात, "सर, मारायला काही सापडलंच नाही बघा." कसं सापडेल? पझलमध्ये काहीतरी दडलंय हे आधीच ठाऊक असतं. डावात ते आपणच पेरायचं असतं.

म्हणून पझल सुटलं की वहीत लिहायचं: समोरचा कोणता मोहरा बिनआधार होता, राजा कुठे अडकला होता आणि आपल्या मोहऱ्याला इतकं चांगलं घर मिळालं कसं. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

त्यासाठी एक डाव पटावर मांडाच: माजी विश्वविजेता स्टाइनिट्झ (पांढरा) विरुद्ध फॉन बार्डेलेबेन (काळा), इंग्लंडमधलं हेस्टिंग्ज, १८९५. घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ. बाविसाव्या खेळीला पांढरा हत्ती ई७ वरचा घोडा मारून शह देतो. सगळे तिथेच रमतात. मी पोरांना सतराव्या खेळीपाशी थांबवतो. काळ्याचा राजा अजून ई८ वरच, कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारी खेळी) झालेलं नाही. स्टाइनिट्झ डी४ वरचं प्यादं डी५ ला सरकवून देऊन टाकतो. ना शह, ना मार. काळा सी६ च्या प्याद्याने ते घेतो. आता डी४ मोकळं झालं, एफ३ वरचा घोडा तिथे येतो आणि पुढच्याच खेळीला ई६ वर ठाण मांडतो. शिवाय सी पट्टी उघडली. म्हणूनच बाविसाव्या खेळीनंतर काळ्या वजिराने ई७ वरचा हत्ती घेतला, तर पांढऱ्याचा दुसरा हत्ती सी८ वर शह देत घुसतो. एका प्याद्याने दोन कामं केली, तीही पाच खेळ्या आधी! हे दाखवताना मला अजून भरून येतं.

स्वतःच्या डावात मारायला काही दिसत नसेल तेव्हा उगाच शह देऊ नका. रिकामा बसलेला मोहरा शोधा, त्याला कोणतं घर हवं ते ठरवा, आणि त्या घराच्या आड आपलंच प्यादं येतंय का ते बघा.

सतराव्या खेळीआधीची स्थिती मी उत्तर न सांगता देतो, वीस मिनिटं लावून. मोहरे हलवायचे नाहीत, मनातच बघायचं. आठवीतल्या एका मुलीने तिसऱ्या दिवशी डी४ च्या प्याद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, हे घोड्याच्या वाटेत आहे."