घरून अनेक ग्राहकांची सुरक्षा सांभाळताना

आयटी सेवा पुरवणाऱ्या कंपनीतल्या सायबर सुरक्षा इंजिनिअरच्या एका लॅपटॉपवरून अनेक ग्राहकांच्या नेटवर्कमध्ये शिरता येतं, आणि हल्लेखोरांना हे पक्कं ठाऊक असतं. जुलै २०२१मध्ये रेव्हिल या हॅकर टोळीने कसेया व्हीएसए या रिमोट व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी वापरून सेवा पुरवठादारांमार्फत त्यांच्या ग्राहकांपर्यंत रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, पोचवलं. त्यामुळे पहिला बंदोबस्त स्वतःच्या लॉगिनचा.

ॲडमिनच्या कामाला वेगळा लॅपटॉप ठेवा. त्यावर मेल आणि इतर ब्राउझिंग नको. लॉगिनला फिडो२ हार्डवेअर की (ओळख पटवणारं पेनड्राइव्हसारखं छोटं उपकरण) वापरा आणि दोन नोंदवा, एक जवळ आणि एक कुलपात. फोनवरच्या ‘मंजूर करा’ सूचनेपेक्षा ही की कितीतरी भरवशाची, कारण ती संकेतस्थळाचा पत्ता तपासते आणि खोट्या लॉगिन पानावर चालतच नाही.

ग्राहकाकडे शिरताना आधी व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित जोडणी), मग जंप सर्व्हर (आत शिरण्याचा मधला सर्व्हर), मग हवा तो सर्व्हर. आरडीपीचं, म्हणजे विंडोज मशीन दुरून चालवण्याच्या सोयीचं, ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडं दिसलं तर बाकीची कामं थांबवून आधी ते बंद करून घ्या. प्रत्येक ग्राहकासाठी ॲडमिन खातं आणि पासवर्ड वेगळा हवाच.

घरून काम करताना सगळ्यात जास्त गोची फायरवॉल किंवा राउटरवर होते. एक नियम चुकला की तुमचंच कनेक्शन तुटतं आणि मग कोणाला तरी तिथे पाठवावं लागतं. सिस्को आयओएसवर (सिस्कोच्या राउटरवरच्या प्रणालीवर) बदलाआधी चालू कॉन्फिगरेशन (सेटिंग्ज) सेव्ह करा आणि ‘रिलोड इन १०’ ही कमांड द्या. मगच बदल करा, पण तो सेव्ह करू नका. कनेक्शन तुटलं तर १० मिनिटांनी राउटर रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो. सगळं ठीक असेल तर नवं सेशन उघडून खात्री करा, ‘रिलोड कॅन्सल’ द्या आणि मग सेव्ह करा. रीस्टार्टमध्ये ग्राहकाचं नेटवर्क काही मिनिटं बंद पडतं, म्हणून वेळ आधी ठरवून घ्या. ज्युनिपर कंपनीच्या राउटरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ हेच काम रीस्टार्टशिवाय करतं. मुदतीत पुन्हा ‘कमिट’ दिलं नाही तर बदल आपोआप मागे जातो.

एखाद्याचं मेल खातं हल्लेखोराच्या हाती गेलं की बरेच जण पासवर्ड बदलून तिकीट (त्या तक्रारीची नोंद) बंद करतात. तेवढ्याने भागत नाही. चालू सेशन रद्द करा, नाहीतर चोरलेलं टोकन (लॉगिन झाल्याची डिजिटल खूण) चालतच राहू शकतं. मग हल्लेखोराने नोंदवलेला फोन किंवा ऑथेंटिकेटर, मेल बाहेर पाठवणारे इनबॉक्स नियम आणि परवानगी दिलेली अनोळखी ॲप्स शोधून काढा. इनबॉक्स नियम हमखास राहून जातो आणि मेल बाहेर जातच राहतात.

मशीनमध्ये मालवेअर सापडलं तर ईडीआरमधून (मशीनवर नजर ठेवणाऱ्या सुरक्षा सॉफ्टवेअरमधून) ते नेटवर्कपासून तोडा, पण बंद करायला सांगू नका. बंद केलं की मेमरीतला पुरावा जातो. तोडण्याआधी तुमची स्वतःची वाट त्याच मशीनमधून जात नाही ना, हे बघा. अशा वेळी ग्राहकाशी त्याच्या मेलवर किंवा चॅटवर बोलू नका, हल्लेखोर तेही वाचत असू शकतो. आधीपासून नोंदवून ठेवलेल्या नंबरवर फोन करा.

नोंदींतल्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा. शिफ्ट सोडताना तिकिटात कोणतं मशीन तोडलंय, का, आणि कोणाला विचारल्याशिवाय ते परत जोडायचं नाही, एवढं तरी असायलाच हवं.