ऑपरेशनच्या आधीची पुण्याची खेप, फौजी बापाला घेऊन जाताना

आमचे आण्णा मराठा लाईट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, आणि आम्ही राहतो सातारा जिल्ह्यात, तेही तालुक्याच्या गावापासून आत. गुडघा बदलायचा म्हटल्यावर पुण्याला जावं लागणार हे धरूनच चाललो होतो. आता ऑपरेशनच्या दिवसाची तयारी सगळेच करतात, बॅग भरतात, देवापुढं नारळ ठेवतात, पाहुणे फोन करून करून डोकं खातात. पण त्याच्या आधी जी एक खेप असते ना, तपासण्यांची आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवायची, दवाखान्यात तिला पीएसी म्हणतात, तिला लोक "नुसतं दाखवून यायचंय" असं समजून जातात. आम्ही पण तसंच गेलो आणि हात हलवत परत आलो. ऑपरेशनची तारीख पक्की होते ती या खेपेत आणि उडते ती पण या खेपेतच. ज्यांच्या घरात ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड असलेला म्हातारा माणूस आहे आणि बाहेरगावी ऑपरेशन ठरतंय त्यांच्यासाठी लिहितोय.

सुरुवात पॉलिक्लिनिकपासून, म्हणजे ईसीएचएसच्या आपल्या दवाखान्यापासून. ईसीएचएस म्हणजे २००३ पासून चालू असलेली माजी सैनिकांची योजना, तिच्यात सहसा थेट मोठ्या हॉस्पिटलात जाऊन उभं राहायचं नसतं, आधी आपल्या पॉलिक्लिनिकचा मेडिकल ऑफिसर बघणार, मग रेफरल, म्हणजे पुढं पाठवायची चिठ्ठी, देणार. रेफरल आर्मीच्या हॉस्पिटलचं असू शकतं, म्हणजे आपल्याकडं पुण्यात वानवडीचं कमांड हॉस्पिटल, हृदयाचं काही असेल तर तिथलंच एआयसीटीएस, नेव्हीवाल्यांना मुंबईत कुलाब्याचं अश्विनी, नाहीतर पॅनलवरच्या, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, खाजगी हॉस्पिटलचं. रेफरल हातात पडलं की तिथंच काउंटरवर उभं राहून चार गोष्टी वाचा: नाव कार्डावर आहे तसंच आहे का, बाजू बरोबर लिहिली आहे का (डावा गुडघा का उजवा, हसू नका, चुकतं), फक्त तपासायला पाठवलंय का ऑपरेशनपर्यंतचं सगळं त्यात धरलंय, आणि मुदत कधीपर्यंत. ती मुदत पेनानं मोठ्या अक्षरात मागं लिहून ठेवा, कारण पीएसी आणि ऑपरेशन यांच्यात कधी कधी एवढे दिवस जातात की कागद संपून जातो आणि परत साताऱ्याची चक्कर पडते. आणि तुमचं ऑपरेशन यादीतल्या दरपत्रकात नसलं तर आधी मंजुरी लागते, तेवढं पॉलिक्लिनिकमध्येच विचारून घ्या, पुण्यात पोचल्यावर नको.

कागदांची पिशवी. आम्ही एक साधी कापडी पिशवी केली, लाल, म्हणजे लांबून दिसती. त्यात ओरिजिनल ईसीएचएस कार्ड (झेरॉक्सवर कुणी उभं करत नाही), रेफरल, आधार, पीपीओची (पेन्शनचा आदेश) आणि डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स, जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणं लावून, आणि एक्सरेची फिल्म. फिल्म म्हणजे फिल्म, मोबाईलवर काढलेला तिचा फोटो नाही. आईचं ऑपरेशन असेल तर आईचं स्वतःचं कार्ड लागतं, वडलांच्या कार्डावर चालत नाही, हे अजून कितीतरी घरांना माहीत नसतं. आधारला जो मोबाईल नंबर जोडलाय तो फोन सोबत पाहिजे, आणि तो चार्ज केलेला पाहिजे, आमच्या आण्णांचा फोन कायम घरात देवळीत.

आता आमची फजिती सांगतो. आण्णांना तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. आम्ही गुडघ्याची पूर्ण फाईल नेली, एमआरआय पण नेला, आणि स्टेंटचा एकही कागद नेला नाही, कारण आमच्या डोक्यात ते वेगळं दुखणं. भूल देणाऱ्या मॅडमनी गोळ्या बघितल्या, क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करायची गोळी) दिसली, विचारलं स्टेंट कधीचा, कुठल्या प्रकारचा, शेवटचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कधी. आण्णा म्हणाले, "सगळं ठीक है साहब." झालं. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग बघू. सहा तास बसून पाच मिनिटात विषय संपला, आणि चूक त्यांची नव्हती, आमचीच होती.

म्हणून गोळ्यांचं नीट ऐका. निघायच्या दहा-पंधरा दिवस आधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका डब्यात गोळा करा, नावं आठवून सांगायच्या भानगडीत पडू नका, पाकिटच दाखवा. त्यात रक्त पातळ करायची गोळी आहे का ते बघा. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात, वॉरफेरिन पाच दिवस, ॲस्पिरिन बऱ्याचदा चालूच ठेवतात, पण हे कुणाचं काय करायचं ते हृदयाचे डॉक्टर आणि भुलीचे डॉक्टर मिळून ठरवणार, आपण घरी बसून स्टेंटवाल्या माणसाची गोळी बंद करायची नाही, त्यात स्टेंट बंद पडायचा धोका असतो. साखरेच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर मुद्दाम सांगा, त्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करायला सांगतात. आणि वैद्याचा काढा, गुडघ्याच्या पुड्या, शेजारच्या मावशीनं दिलेलं तेल सोडून बाकी पोटात जाणारं सगळं सांगा. काही पुड्यांत स्टेरॉईड निघतं, ते दडवलं तर भुलीत त्रास होऊ शकतो.

आणि हे सगळं सांगायला म्हाताऱ्यानं तोंड उघडलं पाहिजे, खरी अडचण तिथं आहे. फौजी माणसाला आयुष्यभर सवय लागलेली असते, मेडिकलला उभं राहिलं की "ठीक है साहब", कारण तिथं दुखणं सांगितलं की नोकरीतली मेडिकल कॅटेगरी खाली जायची. ती सवय सत्तरीत पण जात नाही. समोर वर्दीतला डॉक्टर दिसला की आण्णा छाती पुढं काढून सावधानमध्ये. रात्री दम लागतो का, नाही. दोन जिने चढता येतात का, हो (दोन वर्षांत एक जिना चढलेले नाहीत). दारू, कधीतरी. आता कँटीनची रम दर महिन्याला कुठं जाते ते आम्हाला माहीत आहे. हसण्यावारी नेऊ नका, रोज घेणाऱ्याची दारू ऑपरेशनसाठी एकदम तुटली तर दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमिष्टासारखं करायला लागतो, हात थरथरतात, आणि डॉक्टरांना आधी माहीत असेल तर त्याची औषधं वेळेत देता येतात. तंबाखू आणि आईकडची मिशेरी पण तशीच, महिनाभर आधी सुटली तर जखम भरायला बरं. मी दुसऱ्या खेपेला काय केलं, आदल्या रात्री आण्णांना म्हटलं, तुम्ही रिपोर्ट देताय असं समजा, ऑफिसरला चुकीचा रिपोर्ट दिला तर काय व्हायचं? ते जरा गप्प बसले आणि मग सकाळी सगळं बोलले, रात्री दोनदा उठून बसावं लागतं हे पण, जे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तपासण्या काय असतात ते थोडक्यात: रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्सरे, वय जास्त असलं की बहुतेक इको. त्यातलं बरंचसं जवळच्या ठिकाणी आधी करून नेता येतं, पण कुठले रिपोर्ट आणि किती जुने चालतील ते फोन करून विचारा, नाहीतर डबल टोचून घ्यावं लागतं. डायबेटिस असेल तर तीन महिन्यांची साखर, एचबीए१सी, आठच्या वर गेली की बरेच सर्जन थांबा म्हणतात, म्हणजे ही तपासणी पुण्याला जायच्या दोन महिने आधी गावातच करून घ्या, साखर आणायला वेळ मिळतो. सांधा बदलायचा असेल तर दात पण बघून घ्या, किडलेला दात, लघवीचं इन्फेक्शन, पायाच्या बोटांत चिखल्या, असलं काहीही असलं तर तारीख पुढं जाते, कारण तिथला जंतू नव्या सांध्यात जाऊन बसायची भीती. आमच्याकडं भातलावणीच्या दिवसात चिखल्या घरोघर, म्हणून पावसाळ्यात तारीख घेताना विचार करा. उपाशीपोटी यायचं का खाऊन, ते पण आदल्या दिवशीच विचारा. डायबेटिसवाला माणूस पहाटे चारला उपाशी निघून अकरापर्यंत रांगेत बसला तर तिथंच चक्कर येऊन पडेल, आम्ही खिशात गूळ-शेंगदाणे आणि बिस्किट ठेवतो, रक्त दिलं की लगेच हातात.

जायचं कसं. एसटीत पासष्ट ते पंच्याहत्तरला अर्धं तिकीट, पंच्याहत्तरच्या पुढं फुकट, बायकांना अर्धं, म्हणजे आई-आण्णा दोघं गेले तरी पैशाचं फार नाही. पण गुडघेवाल्या माणसाला एसटीची पहिली पायरी हाच एक घाट आहे, त्यामुळं आम्ही पीएसीच्या खेपेला गावातली गाडी ठरवली. साताऱ्याहून पुणे शंभर-सव्वाशे किलोमीटर, जाताना खंबाटकीला बोगदा असतो म्हणून सुटसुटीत, येताना मात्र आम्ही गेलो तेव्हा घाट चढावा लागला, आणि तिथं एखादा ट्रक बंद पडला की बसा. शनिवार-रविवार धरून जाऊ नकाच, ओपीडीचा वार नक्की करून आदल्या दिवशी दुपारीच निघा. मधे शिरवळला थांबायचं, नुसता चहासाठी नाही, म्हाताऱ्या माणसाला तासा-दीड तासानं खाली उतरवून चार पावलं चालवायचं, पाय लोंबकळत ठेवून तीन तास बसलं की सूज येते आणि रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. वाटेत छातीत दुखलं, काही झालं, तर पुण्याचा हट्ट सोडायचा, जे जवळचं हॉस्पिटल दिसेल तिथं न्यायचं. इमर्जन्सीला रेफरल लागत नाही, फक्त ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं, ते विसरायचं नाही.

राहायला बऱ्याच जिल्ह्यात माजी सैनिकांसाठी विश्रामगृह असतं, आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केली की नंबर मिळतो, भाडं कमी असतं. बुकिंग आधी करा आणि खालच्या मजल्यावरची खोली मागून घ्या, आणि संडास कमोडचा आहे का ते विचारा, हे लाजायचं काम नाही. पाहुण्यांकडं उतरायचं असेल तर तिसरा मजला विना लिफ्टवाला पाहुणा कितीही प्रेमाचा असला तरी नको.

पैशाचं. पॅनलवरच्या हॉस्पिटलात ठरलेल्या दरानं कॅशलेस असतं, ॲडव्हान्स भरा म्हटले तर भरायच्या आधी पॉलिक्लिनिकला फोन. वॉर्ड आपल्या रँकप्रमाणं मिळतो, हवालदारापर्यंत जनरल, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर सेमी प्रायव्हेट, ऑफिसरला प्रायव्हेट, वरचा पाहिजे असेल तर फरक खिशातून. सांध्याच्या इम्प्लांटचं, म्हणजे आत बसवायच्या नव्या सांध्याचं, मात्र तोंडी ऐकू नका. "हा इम्पोर्टेड घ्या, थोडा फरक पडेल" असं कुणी म्हणालं तर तो थोडा म्हणजे किती ते लिहून मागा, आणि योजनेत बसणारा कुठला ते पण लिहून मागा. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारनं २०१७ पासून कमाल मर्यादा घातलेली आहे एवढं आपल्याला माहीत आहे असं नुसतं बोलण्यात आलं तरी समोरचा जरा सरळ बोलतो. गाडीची पावती, तिकिटं टाकून देऊ नका, प्रवासाचं काही मिळतं का ते पॉलिक्लिनिकच्या ओआयसींना (तिथल्या मुख्य अधिकाऱ्यांना) निघायच्या आधी विचारा, आल्यावर विचारून उपयोग होत नाही.

निघायच्या आधी डॉक्टरांकडून एका कागदावर घ्यायचं: फिट आहे का नाही, कुठली गोळी कुठल्या तारखेपासून बंद, कुठली त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, उपास कधीपासून, रक्तदाते किती लागतील, आणि सर्दी-ताप आला तर कुणाला फोन. मी ते तिथंच मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सिस्टर हसल्या, पण दोन चुका निघाल्या.

घरी आल्यावर पहिलं काम प्लंबरला सांगा. गुडघा बदलल्यावर उकिडवं बसता येत नाही, कमोड लागतो, न्हाणीत धरायला बार लागतो, आणि आमच्या गावातला प्लंबर उद्या येतो म्हणाला की पंधरा दिवस धरायचे.