पोर्तोचा बाकाल्याउ: खारा कॉड आणि बटाटा, ओव्हनमध्ये

खारा बांगडा थोडा वेळ पाण्यात ठेवला की आपलं भागतं. कॉडच्या बाबतीत त्या हिशेबाने जाऊ नका. मीठ लावून वाळवलेला हा मासा, म्हणजेच पोर्तुगिजांचा बाकाल्याउ, हातात घेतला तर फळीसारखा कडक लागतो. त्याचं मीठ उतरायला एक ते दोन दिवस लागतात. ‘बाकाल्याउ आ गोमिश द सा’ हा पदार्थ पोर्तो शहरातला, आणि त्याला नाव मिळालं ते तिथल्याच एका कॉडच्या व्यापाऱ्याचं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत बाकाल्याउ अनोळखी नाही.

चौघांसाठी अर्धा किलो खारा कॉड आणि तेवढेच बटाटे घ्या. त्याशिवाय दोन मोठे कांदे, लसणाच्या दोन पाकळ्या, दीडशे मिली ऑलिव्ह तेल, अर्धा लिटर दूध, दोन उकडलेली अंडी, मूठभर काळी ऑलिव्ह, पार्सली आणि मिरपूड लागेल.

मासा नळाखाली धुऊन वरचं मीठ काढा. मोठ्या पातेल्यात भरपूर गार पाणी घेऊन तुकडे कातडीची बाजू वर करून बुडवा. कातडी खाली राहिली तर मीठ तिच्यापाशीच अडकतं. पातेलं फ्रिजमध्येच ठेवा, आपल्या हवेत बाहेर ठेवलेला मासा खराब होईल. दिवसातून तीन-चारदा पाणी बदला. पातळ तुकड्यांना २४ तास पुरतात, जाड तुकड्यांना ४८. झालं की नाही हे कळायला जाड भागातला कपचा काढून उकळा आणि चाखा. खारटपणा जाणवला पाहिजे, पण जीभ ओढली जाता कामा नये.

आता मासा पातेल्यात घालून त्यावर उकळतं पाणी ओता आणि झाकून वीस मिनिटं तसाच ठेवा. गॅसवर खळखळ उकळू नका, मासा चिवट होतो. निथळून कातडी आणि काटे काढा. अंगठ्याने हलकेच दाबलं की मांसाच्या जाड, पांढऱ्या पाकळ्या एकमेकींवरून सरकून सुट्या होतात. त्या मोडू नका. खोलगट भांड्यात ठेवून त्यांवर कडकडीत गरम दूध ओता आणि तासभर मुरू द्या. ही पायरी बरेचजण गाळतात. माझं मत विचाराल तर याच दुधामुळे मासा लुसलुशीत होतो, उरलेला खारटपणाही निवळतो.

तोवर बटाटे सालीसकट उकडा. थोडे कच्चटच ठेवा, म्हणजे चकत्या मोडत नाहीत. सोलून बोटभर जाडीच्या चकत्या करा. कांद्याच्या गोल चकत्या आणि ठेचलेला लसूण तेलात मंद आचेवर परता. घाई केली तर कांदा करपतो आणि सगळा पदार्थ कडवट होतो. कडा सोनेरी झाल्या की निथळलेला मासा आणि बटाटे त्यात घालून मिरपूड भुरभुरा. ढवळू नका, भांडं धरून हलवा. मीठ चाखूनच घाला, बहुतेक वेळा लागत नाही.

सगळं मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात पसरून २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. बटाट्यांच्या कडांना रंग आला की बाहेर काढा आणि अंड्याच्या फोडी, ऑलिव्ह व चिरलेली पार्सली वरून घाला. तळाशी उरलेलं कांद्याच्या वासाचं तेल टाकू नका, पाव त्यात बुडवून खायचा असतो.