हॉल नवा करताय? या चुका टाळा, आणि सगळ्यात आधी भिंतीची ओल बघा

श्रावण लागला की आमच्या रंगाच्या दुकानात दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, "गणपतीच्या आत हॉल करून पाहिजे." बाहेर पावसाची झड, भिंतीला हात लावला तर गार लागतेय, आणि माणसाच्या मोबाइलमध्ये कुठला तरी फोटो, असाच हॉल पाहिजे म्हणून. गणपती घरी यायचे तर घर चांगलं दिसावं ही इच्छा अगदी रास्त आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सांगली-मिरजेत इतकी वर्षं रंगाची आणि दुरुस्तीची कामं घेतोय, आणि बिघडलेला हॉल बघायला कोणी बोलावलं की कारणं तीच ती निघतात, वर्षानुवर्षं तीच. लोकांचे कष्टाचे पैसे असे भिंतीतून गळून जाताना बघवत नाही म्हणून हे लिहितोय. काही चुकांवर जास्त बोलणार आहे, कारण पैसा तिथंच बुडतो.

ओल झाकणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सांगलीत तर जास्तच. २००५ ला पूर, २०१९ ला पूर, २०२१ ला परत पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पुरात गावभागातल्या एका जुन्या घरात हॉलमध्ये कमरेच्या वर पाणी होतं. पूर ओसरला, गाळ काढला, सगळं धुतलं, पंखे लावले, आणि दिवाळीच्या आधी त्या घरच्या काकांनी मला बोलावलं. मुलीचा साखरपुडा घरातच करायचा ठरलेला.

भिंत वरवर बघायला कोरडी होती. मी नेहमीप्रमाणं स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं खालपासून वर ठोकत गेलो, छातीपर्यंत सगळा गिलावा पोकळ वाजत होता. कोपऱ्यात एका ठिकाणी खरवडलं तर आतली वीट गडद आणि गार. म्हणलं, काका, हा गिलावा काढून टाका, विटा उघड्या राहू द्या, उन्हाळ्यापर्यंत काही लावू नका, साखरपुड्याला छान कापडी पडदा लावून देतो मी. काका म्हणाले, "अरे बाबा, सोयरे पहिल्यांदा घरी येणार, त्यांना उघड्या विटा दाखवू का?" त्यांचंही पटण्यासारखंच होतं. त्यांनी दुसऱ्या कोणाकडून तरी चार-पाच दिवसांत पीव्हीसी पॅनल मारून घेतले, मागं लाकडी पट्ट्या, समोर प्लायचं टीव्ही युनिट, वर एलईडीची पट्टी. कार्यक्रम झकास झाला, फोटो पण चांगले आले.

पुढच्या पावसाळ्यात घरात कुबट वास सुरू झाला. काकू रोज धूप घालायच्या, फिनेलनं पुसायच्या, वास जाईना, आणि त्यांना खोकला लागला तो थांबेना. परत मला बोलावलं. खालचं एक पॅनल ओढलं तर मागची बाजू बुरशीनं काळी झालेली, लाकडी पट्ट्यांना वाळवी, स्क्रू गंजून तुटत होते, आणि भिंतीवर लोणा, म्हणजे ओलीतून वर आलेला पांढरा क्षार, इतका की बोट फिरवलं की पिठासारखा खाली पडत होता. स्विचबोर्डाचा लोखंडी डबा मागून गंजून पातळ झाला होता, त्यात चालू वायर! ते बघून मी आधी मेन स्विच बंद केला आणि मग पुढचं बोललो. टीव्ही युनिटची मागची प्लाय हातानं सोलून निघाली. सगळं काढून फेकलं, आणि ज्या कामाला मी आधी नुसता गिलाव्याचा खर्च सांगितला होता तिथं गिलावा, वायरिंग आणि फर्निचर असा तिप्पट खर्च झाला.

हे का होतं ते नीट समजून घ्या. वीट पाणी शोषते, आणि पाया ओला असला की ते पाणी विटेतून वर चढत राहतं. जुन्या घरांत जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे ओल वर चढू न देणारा थर बहुतेक नसतोच, त्यामुळं पूर न येताही खालच्या दोन-तीन फुटांना ओल असते. त्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. पाणी भिंतीच्या पृष्ठभागाशी येऊन वाळतं, क्षार मागं राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते गिलाव्याला, पुट्टीला, रंगाला आतून ढकलतात. म्हणून पोपडे सुटतात. तुम्ही वरून पॅनल मारा, वॉलपेपर चिकटवा, ऑइल पेंट मारा नाहीतर चार फूट टाइल लावा, पाण्याची वाळायची वाट बंद होते आणि ते अजून वर चढतं. टाइलच्या वरच्या कडेला नवा पोपडा दिसला की समजायचं ओल खाली कोंडलीय. आतून मारायचं वॉटरप्रूफ केमिकल म्हणून डबे विकायला येतात, मी पण विकतो, पण खालून ओल येणाऱ्या भिंतीला ते मागायला आलात तर मी देत नाही, आधी घर बघायला येतो.

ओल तपासायची सोपी पद्धत म्हणजे दीड-दोन फुटांचा जाड प्लॅस्टिकचा चौकोन भिंतीला लावायचा, चारी बाजूंनी टेपनं पक्का बंद करायचा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवायचा. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दव असेल तर ती हवेतली आर्द्रता. एवढ्या एका गोष्टीला खर्च काहीच नाही तरी लोक करत नाहीत, कारण एक दिवस थांबावं लागतं.

ओल सापडली तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, बाहेरचं गटार भिंतीला लागून आहे का, बाथरूमचा पाइप गळतोय का, पन्हाळीचं पाणी पायाशी पडतंय का. ते बंद केल्याशिवाय आत हात लावू नका. मग ओलीच्या खुणेच्या वर अजून फूटभर गिलावा काढायचा. लोणा कोरड्या तारेच्या ब्रशनं झाडायचा आणि गोळा करून घराबाहेर टाकायचा, पाण्यानं धुवायचा नाही, धुतला की तो विरघळून परत विटेत जातो. आणि मग वाळू द्यायचं, खिडक्या उघड्या ठेवून. नऊ इंची भिंत पुरात भिजली असेल तर महिने लागतात, आठवडे नाही. मी तर दिवाळीला उघडलेली भिंत मे संपल्याशिवाय बंद करत नाही, आणि जुन्या विटांच्या घरात सिमेंटच्या ऐवजी चुन्याचा गिलावा सांगतो कारण त्यातून ओल बाहेर पडत राहते. तोपर्यंत नुसता चुना मारून ठेवा, स्वच्छ दिसतं, आल्यागेल्याला वाईट वाटत नाही.

पुट्टी आणि हातांची घाई

नवा सिमेंटचा गिलावा केला तर चांगला आठवडाभर पाणी मारायचं आणि मग महिनाभर तरी वाळू द्यायचं. ताज्या सिमेंटमधला खार रंग खातो, पांढरे डाग पडतात, गडद शेड तर जागोजागी फिकट दिसते. पण होतं काय, गवंडी सोमवारी गेला की गुरुवारी पेंटर हजर.

पुट्टीत तर सरळ सरळ लबाडी चालते. भिंत वाकडी असेल तर ती गिलाव्यानं सरळ करायची असते, पुट्टीचा एक हात दीड मिलिमीटरपेक्षा जाड गेला की तो तडकतो किंवा पापुद्रा होऊन सुटतो. दोन पातळ हात, मध्ये वाळायला वेळ, मग पेपर मारून घासायचं, धूळ पुसायची, प्रायमर, आणि मग रंगाचे दोन हात. जुन्या पोपड्यावरच "वरून एक हात फिरवून देतो मालक" म्हणणारा पेंटर मिळतोच, स्वस्तात पण मिळतो. त्याला काम देऊ नका, जुना सुटलेला रंग पत्र्यानं खरवडून काढल्याशिवाय नवा रंग धरतच नाही.

आणि काम उक्तं दिलंत तर रंगात पाणी किती घालतात ते समोर उभं राहून बघा. डब्यावर प्रमाण लिहिलेलं असतं, मापानं घालायचं. मग्गाच्या अंदाजानं पाणी घालणाऱ्या माणसाला मी माझ्या साइटवर ठेवत नाही.

भर पावसात रंगकाम: नको. दिवाळी झाल्यापासून होळीपर्यंत आपल्याकडची हवा सगळ्यात चांगली, कोरडी आणि मऊ उन्हाची. गणपतीला हॉल चांगला दिसायचा असेल तर काम आधीच्या हिवाळ्यात करा. गणपतीच्या तोंडावर फक्त झाडलोट, पडदे, सोफ्याची कव्हरं, दिवे, एवढंच करा, त्यानंसुद्धा घर उजळतं, विश्वास ठेवा.

शेड मोबाइलवर ठरवणं

मोबाइलच्या स्क्रीनला आतून उजेड असतो, भिंतीला नसतो. शिवाय दुकानात ट्यूबचा पांढरा उजेड, तुमच्या हॉलला पश्चिमेची खिडकी, रात्री पिवळे दिवे, मग एकच शेड तीन रंगांची दिसणार. लहान सॅम्पल डबा घ्या, एका मोठ्या कार्डशीटवर दोन हात मारा, आणि ते शीट सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून वेगवेगळ्या भिंतींवर धरून बघा, सोफ्याच्या मागं पण धरा. विश्रामबागच्या एका वहिनींनी असं केल्यामुळं त्यांचा आवडता राखाडी रंग रात्री निळसर दिसतो हे आधीच कळलं आणि त्यांनी बदलला, बाकी लोकांना हे पूर्ण हॉल झाल्यावर कळतं. अजून एक, चार भिंतींवर पसरणारा रंग शेडकार्डच्या छोट्या चौकोनापेक्षा नेहमी गडद वाटतो, म्हणून मनात असलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या.

रंग किती लागेल याचा हिशोब स्वतः करा. हॉल १५ बाय १२ चा, उंची १० फूट, म्हणजे चार भिंती मिळून ५४० चौरस फूट, दारं-खिडक्या ९० वजा केल्या तर ४५०. दोन हातांना लिटरमागं समजा ६० चौरस फूट धरले तर साडेसात, म्हणजे आठ लिटर. सगळा एकदम घ्या आणि वेगवेगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून वापरा. निम्मा आज आणि उरलेला पुढच्या आठवड्यात मिक्स करून आणला तर जोड दिसायची शक्यता असते.

ड्रिल मारण्याआधी

हे जिवावरचं आहे म्हणून वेगळं सांगतो. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली वायर गेलेली असते असंच धरून चाला, तिथं खिळासुद्धा नको. शामरावनगरमध्ये एका घरी पडद्याचा रॉड लावायला पोरानं खिडकीशेजारच्या बोर्डाच्या बरोबर वर ड्रिल घातलं. ठिणगी उडाली, अख्खं घर अंधारात. ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, बसवलेला होता म्हणून पोरगा वाचला असं मी म्हणतो, त्याची आई त्या दिवशी थरथरत होती. वायरिंग नवीन करताय तर गिलाव्यानं झाकायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप धरून. एसीला वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी, म्हणजे जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच. टीव्हीच्या मागं पॉइंट जास्तच ठेवा, आणि एक रिकामा पाइप पण सोडा, उद्या कुठली केबल येईल सांगता येत नाही.

बाकीच्या

सोफा घेताना सगळे हॉल मोजतात, जिना आणि दार कोणी मोजत नाही. जिन्याचं वळण मोजा.

टीव्ही युनिट बाहेरच्या भिंतीला किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून असेल तर एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड नको, ओल लागली की फुगतात. प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघून घ्या, आणि युनिट भिंतीपासून बोटभर पुढं ठेवा.

फॉल्स सीलिंग करायच्या आधी एक पावसाळा स्लॅब कोरडा राहिलेला असला पाहिजे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी, पीओपी नंतर. पंखा स्लॅबच्या हुकालाच, सीलिंगच्या फ्रेमला कधीही नाही.

दिवे सगळे पांढरेफटक ६५०० केल्विनचे लावू नका, बसायच्या जागी ३००० चे पिवळसर लावा. दोन्ही एकाच झुंबरात मिसळू नका.

कामाचा क्रम वायरमन, मग एसीचा पाइप, मग सीलिंग, मग सुतार, आणि पेंटरचा शेवटचा हात सगळ्यात शेवटी. सुतार कापत असताना बाजूला रंग चालू ठेवला तर भुसा ओल्या रंगात बसतो, आणि मग सगळे पेंटरला बोलतात. त्या बिचाऱ्याचा त्यात काही दोष नसतो.

फरशीवर वर्तमानपत्र टाकून काम करू नका, पाणी पडलं की शाई फरशीला लागते आणि पाऊल पडलं की कागद फाटतो. जाड प्लॅस्टिक, त्यावर जुनी चादर, कडेनं मास्किंग टेप. टेप रंग पूर्ण वाळायच्या आत, थोडा ओलसर असतानाच तिरपा ओढून काढायचा, वाळल्यावर काढला की रंगाची कड सोबत येते.

काम संपलं की उरलेला रंग पेंटरला देऊन टाकू नका, अर्धा-एक लिटर छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात काढून ठेवा. झाकणावर मार्करनं शेडचा कोड, रंगाचा प्रकार, बॅच नंबर आणि तारीख लिहा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, कारण दोन वर्षांनी सोफा घासून भिंतीला ओरखडा पडतो तेव्हा लोक दुकानात येऊन मला "तो आमचा क्रीम कलर द्या" म्हणतात, आणि क्रीममध्येच माझ्या मशीनवर कितीतरी शेड आहेत.